वाडीतील अजगर आणि त्याच्यासारखी दिसणारी घोणस

अलिबागहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता नागाव व चौल मागे टाकून रेवदंड्यास येतो आणि तेथे कुंडलिकेची खाडी आडवी येते. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात अष्टागर या नावाने प्रसिद्ध असलेल्या बागाईती पट्ट्याचे हे दक्षिण टोक होय. पोर्तुगीजांनी उभारलेला आणि १७४० मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आलेला कोट येथे आजही उभा असून गावातील कित्येक घरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या त्या तटबंदीच्या आतच आहेत. तटाच्या दगडांत वड-पिंपळाची मुळे शिरून सांधे उकललेले आहेत. वाडीत बारमाही ओल व सावली, कोपऱ्यात झावळ्यांचे आणि नारळाच्या सोडणांचे ढीग, घरामागे पेंढ्याची उडवी, पलीकडे भाताची खाचरे व खाजण आणि खाडीपार फणसाडचे रान, अशी येथील एकंदर रचना आहे. जेथे धान्य, फळ व आडोसा तेथे उंदीर आणि घुशी, व जेथे उंदीर-घुशी तेथे साप, हा क्रम निसर्गतःच ठरलेला आहे.

अशा गावात ‘वाडीत अजगर निघाला’ अशी बातमी पसरली की घटकाभरात माणसे जमतात. पुढे बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट होते. कोणी काठी-कोयता घेऊन त्या प्राण्याचा जीव घेतो, किंवा गावातील एखादा धाडसी तरुण ‘अजगर बिनविषारी असतो’ या ऐकीव माहितीवर विसंबून त्यास हाताने उचलतो. पहिल्या प्रकारात कायद्याचा भंग होतो. दुसऱ्या प्रकारात प्रसंगी माणसाचा जीव जातो, कारण उचललेला साप अजगर नसून घोणस असते. अजगराविषयी अचूक माहिती शेतकऱ्यास हवी ती मुख्यतः या कारणासाठी. अजगराला भ्यावयाचे किती हे ज्यास कळले नाही, त्यास खरोखर कोणाला भ्यावे हेही कळत नाही.

नाव आणि लौकिक

‘अज’ म्हणजे बोकड आणि ‘गर’ म्हणजे गिळणारा, अशी या शब्दाची फोड आहे. नावातच आरोप आहे असे म्हटले तरी चालेल. आपल्या पुराणांनी मात्र या प्राण्याकडे एकाच दृष्टीने पाहिलेले नाही. महाभारताच्या वनपर्वात अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेला नहुष राजा भीमासारख्या बलाढ्य वीरास विळख्यात धरतो, आणि भीमाचे सारे बळ तेथे निष्फळ ठरते. त्याची सुटका होते ती युधिष्ठिराने दिलेल्या समर्पक उत्तरांनी. भागवतातील अघासुर अजगराचे रूप घेऊन वाटेवर तोंड उघडून पडतो आणि गोपबालक ती गुहा समजून आत शिरतात. त्याच भागवताच्या एकादश स्कंधात, ज्यावर नाथांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली, अजगर हा अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक आहे. आपणहून जे समोर येईल तेवढ्यावर तृप्त राहावे, न आल्यास निश्चल पडून असावे, हा त्याच्यापासून घेतलेला धडा. ही अवधूताची परंपरा दत्तात्रेयाशी जोडली जाते, आणि रेवदंड्यास लागूनच चौल-भोवाळ्याच्या टेकडीवर दत्ताचे देवस्थान आहे. दत्तजयंतीच्या यात्रेस तेथे पंचक्रोशीतील शेतकरी दरवर्षी जातो. टेकडीवर ज्याचा गुरू म्हणून उल्लेख होतो, तोच खाली वाडीत दिसला तर त्यास ठेचले जाते, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

गंमत अशी की भागवतातील निरीक्षण प्राणिशास्त्राच्या कसोटीस बरेच उतरते. अजगर भक्ष्याचा पाठलाग फारसा करीत नाही. वाटेच्या कडेस, पाणवठ्याशी किंवा पाचोळ्यात तो तासन्‌तास निश्चल पडून राहतो. मात्र यावरून निघालेली ‘अजगर श्वासाने भक्ष्य ओढून घेतो’, ‘त्याच्या नजरेने जनावर खिळून जाते’ ही मते निराधार आहेत. त्याच्या श्वासात ओढ नाही आणि नजरेत मोहिनी नाही. असलीच तर ती चिकाटी आहे.

त्याची शक्ती कशात आहे

आपल्याकडे आढळणारा भारतीय अजगर लिनियस याने १७५८ साली शास्त्रीय नाव देऊन नोंदविला. पूर्वी ब्रह्मदेशीय अजगर हा त्याचाच पोटभेद मानीत. २००९ पासून ती स्वतंत्र जात मानली जाते. अजगराच्या लांबीबद्दल जेवढ्या अतिशयोक्ती प्रचारात आहेत तेवढ्या क्वचितच दुसऱ्या प्राण्याबद्दल असतील. सोललेले कातडे ताणले असता बरेच लांबते, आणि भयभीत माणसाची नजर तर त्याहून अधिक ताणते. शास्त्रीयरीत्या मोजलेल्या भारतीय अजगरांपैकी सर्वांत लांब गणला जाणारा पाकिस्तानात मिळाला. तो ४.६ मीटर, म्हणजे सुमारे १५ फूट लांब असून त्याचे वजन ५२ किलो होते. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात अजगरांची पद्धतशीर मोजमापे झाली असता तेथील मोठ्यात मोठे अजगरही १२ फुटांच्या आतच भरले. सामान्यतः दृष्टीस पडणारा प्रौढ अजगर ८ ते १० फुटांचा असतो असे समजण्यास हरकत नाही. मादी नरापेक्षा मोठी असते.

अजगरास विषदंत नाहीत. त्याचे दात मागे वळलेले, आकडीसारखे असतात. त्यांचे काम धरून ठेवणे एवढेच. ओठांच्या कडेस बारीक खाचा असतात आणि त्यांच्या योगाने उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या अंगातून निघणारी उष्णता त्यास अंधारातही जाणवते. रात्री पेंढ्याखालून धावणारी घूस त्यास दिसत नसली तरी कळते, ती यामुळे. भक्ष्य टप्प्यात येताच तो मुंडी फेकून पकडतो व क्षणार्धात दोन-तीन वेढे घालतो.

या विळख्याने भक्ष्याची हाडे मोडतात किंवा ते गुदमरून मरते, असे कालपरवापर्यंत पाठ्यपुस्तकांतूनही सांगितले जाई. २०१५ साली अमेरिकेतील डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी अजगराप्रमाणेच विळखा घालून मारणाऱ्या बोआ सापावर प्रयोग केले, तेव्हा वेगळेच दिसून आले. विळखा पडल्यापासून सहा सेकंदांत उंदराच्या रोहिणीतील रक्तदाब निम्म्यावर येतो. रक्त फिरेनासे होते, मेंदू व हृदय यांस प्राणवायू मिळत नाही आणि श्वास कोंडण्यापूर्वीच भक्ष्य निपचित पडते. त्याच संशोधकांनी २०१२ मध्ये असेही दाखविले होते की, भक्ष्याच्या हृदयाचे ठोके सापास विळख्यातून जाणवतात व ते थांबेपर्यंतच तो आवळत राहतो. अकारण श्रम तो करीत नाही. भीमाचे बळ का चालले नाही याचे उत्तर काहीसे येथे सापडते. दंडात ताकद असली तरी रक्ताचा पुरवठा तुटल्यावर ती किती क्षण टिकणार?

गिळण्याच्या क्रियेबद्दलही एक गैरसमज आहे. अजगराचा जबडा निखळत नाही. खालच्या जबड्याच्या दोन बाजू हनुवटीशी हाडाने सांधलेल्या नसून लवचिक बंधांनी जोडलेल्या असतात, आणि प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे पुढे सरकते. भक्ष्य बहुधा डोक्याकडून आत जाते, म्हणजे पाय आपोआप अंगाशी मिटतात. गिळताना श्वास अडू नये म्हणून श्वासनलिकेचे तोंड पुढे काढण्याची सोयही त्यास आहे.

भक्ष्य पोटात गेल्यानंतरचा प्रकार त्याहून नवलाचा. ब्रह्मदेशीय अजगरावरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, भरपेट आहारानंतर ४८ तासांत त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचे वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढते. आतड्याचीही वाढ होते. पचन संपताच हे सारे पूर्ववत आकसते. शेतकरी सुगीपुरते गडी वाढवितो व सुगी सरल्यावर कमी करतो, तशीच ही व्यवस्था. त्यामुळे एकदा पोट भरले की अजगर कित्येक आठवडे काही न खाता राहू शकतो. फुगलेल्या पोटाने जागचे हलत नाही म्हणून लोक त्यास सुस्त म्हणतात, परंतु त्या वेळी त्याच्या शरीरातील कारखाना पूर्ण वेगाने चाललेला असतो. याच अवस्थेत त्यास काठीने डिवचले किंवा ओढले तर तो गिळलेले भक्ष्य ओकून टाकतो व निसटण्याचा प्रयत्न करतो. ‘अजगराने करडू परत दिले’ असे ज्यास लोक म्हणतात ते हेच. ते करडू अर्थातच जिवंत असत नाही.

शत्रू नसलेल्या मुलखात ही शक्ती काय करू शकते याचे उदाहरण अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एव्हरग्लेड्स या दलदली प्रदेशात मिळाले. हौसेने पाळलेले ब्रह्मदेशीय अजगर तेथे मोकळे सुटले व वाढले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार तेथील रॅकून व ओपॉसम हे सस्तन प्राणी दृष्टीस पडण्याचे प्रमाण पूर्वीच्या तुलनेने सुमारे ९९ टक्क्यांनी घटले होते. आपल्या मुलखात तसे होत नाही. येथील भक्ष्य प्राण्यांना अजगर परका नाही, आणि अजगराच्या अंड्या-पिलांवर टपलेले मुंगूस, घोरपड व शिकारी पक्षीही येथलेच आहेत.

माणसास गिळतो काय?

या प्रश्नाचे उत्तर जातीजातीनुसार द्यावे लागते. इंडोनेशियातील सुलावेसी भागात २०१७ व २०१८ साली प्रौढ माणसे अजगराच्या पोटात सापडल्याच्या घटना घडल्या व त्या खऱ्या आहेत. परंतु तो जाळीदार नक्षीचा अजगर होय. तो जगातील सर्वांत लांब साप असून २० फुटांपर्यंत वाढू शकतो. आग्नेय आशिया हा त्याचा मुलूख आणि भारताच्या हद्दीत तो निकोबार बेटांवर आढळतो. कोकणात तो नाही. भारतीय अजगराने प्रौढ माणसास मारून गिळल्याची विश्वासार्ह नोंद जवळजवळ नाहीच. माणसाचे रुंद खांदे हा गिळण्यातील मोठा अडथळा असतो व आपल्या अजगराच्या आकारास तो पार करता येण्याजोगा नसतो. मद्यधुंद माणसास अजगराने गिळले, असे सांगणारे फुगलेल्या अजगराचे एक छायाचित्र २०१३ पासून मोबाइलवरून फिरत आहे. तेच छायाचित्र कधी केरळातील, तर कधी परदेशातील म्हणून दाखविले जाते, यावरून त्याची किंमत समजावी.

तथापि अजगर सर्वस्वी निरुपद्रवी आहे असेही म्हणता येत नाही. मोठा अजगर दाबला किंवा पकडला गेला तर कडकडून चावतो. जखम खोल व फाटकी असते आणि ती साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताची लस घ्यावी लागते. अजगर वाडीत वावरत असल्याचे माहीत असताना तान्हे मूल झावळ्यांच्या सावलीत एकटे निजवू नये, आणि मोठा अजगर एकट्याने कधीही धरू नये. गळ्यात अजगर घालून छायाचित्र काढून घेणे हा तर मूर्खपणाच होय. रक्ताभिसरण थांबविण्यास त्यास किती सेकंद लागतात हे वर आलेच आहे.

वाडीचा हिशेब

शेतकऱ्याने व्यवहारानेच विचार करावयाचा तर अजगराच्या खात्यावर नुकसानही लिहावे लागेल. कोंबडी, बदक, करडू यांवर तो प्रसंगी हात मारतो. कोंबड्यांचे दहाजणांचे खुराडे आणि दोन शेळ्या एवढ्यावर ज्या घराची मीठमिरची चालते, तेथे एक करडू गेले तर ती लहान गोष्ट नव्हे. अशा घरातील बाईस ‘अजगर निसर्गाचा समतोल राखतो’ असे सांगून भागत नाही.

दुसऱ्या बाजूस उंदीर, घूस, ससा, रानडुकराची पिले, माकड यांचा समावेश त्याच्या आहारात होतो. यांतील जवळजवळ प्रत्येक प्राणी बागाईतदाराच्या परिचयाचा आहे. उंदीर माडावर चढून कोवळी फळे पोखरतात व ती गळून पडतात. घुशी खाचरांचे बांध पोकळ करतात आणि खारभूमीच्या बांधास त्यामुळे खांड पडली की भरतीचे पाणी शेतात शिरून दोन-तीन हंगामांची माती होते. रानडुकरे व माकडे यांचा उपद्रव तर कोकणात दरवर्षी वाढता आहे.

म्हणून अजगर सोडला की उंदीर संपले, असेही मानू नये. मूषकसंहाराच्या कामात धामण त्याच्याहून पुष्कळ तत्पर आहे, कारण ती वारंवार खाते. अजगराची जेवणेच थोडी. त्याचे महत्त्व असे की धामणीच्या तोंडात न मावणारी दांडगी घूस किंवा डुकराचे पिलू तो घेऊ शकतो. तो शेतकऱ्याचा चाकर नाही आणि वैरीही नाही. सामाईक बांधावरचा शेजारी म्हणावा असा आहे.

नुकसान टाळण्याचे उपाय मात्र शेतकऱ्याच्या हातात आहेत व ते खर्चिक नाहीत. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच चौथऱ्यावर किंवा खांबांवर असावे, त्यास अर्ध्या इंचाहून मोठी भोके नसलेली तारेची जाळी सर्व बाजूंनी, तळासह, लावावी आणि दाराखाली फट ठेवू नये. अजगराची मुंडी ज्या फटीतून जाते त्या फटीतून त्याचे उपाशी अंगही जाते. आत कोंबडी गिळल्यावर मात्र ते बाहेर येत नाही, व सकाळी खुराड्यातच वेटोळे सापडते. करडे रात्री गोठ्यात घ्यावीत. सोडणांचे व झावळ्यांचे ढीग घरालगत न ठेवता वाडीच्या टोकास न्यावेत. माडाच्या बुंध्याभोवती जमिनीपासून सहा-सात फुटांवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बसविल्यास उंदीर वर चढत नाहीत, मात्र शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यास या पट्ट्याचा उपयोग नाही. उंदीर कमी झाले की साप घराकडे येण्याचे कारणही कमी होते. कार्बोलिक ॲसिड शिंपडल्याने साप येत नाहीत या समजुतीवर पैसे खर्च करू नयेत.

किनाऱ्यालगतच्या गावांत मासेमारीची जुनी नायलॉन जाळी वाडीच्या कुंपणास बांधण्याची चाल आहे. अशा जाळ्यात अजगर, धामण, घोरपड हे प्राणी अडकतात आणि सुटण्यासाठी जितके ताणतात तितका दोरा मांसात रुततो. कित्येकदा दोन-तीन दिवस ते तसेच उन्हात असतात. कुंपणास जाळे लावावयाचेच असेल तर त्याची खालची कड जमिनीपासून हातभर उंच ठेवावी.

घोणशीशी होणारी गफलत

आता मूळ मुद्दा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप होत. यांपैकी घोणस ही जाड अंगाची, तपकिरी, पाठीवर गडद ठिपके असलेली, आखूड शेपटीची व संथ चालीची असते. लहान अजगराचे वर्णन करावयाचे तर हेच शब्द वापरावे लागतील. घोणस साधारणपणे तीन ते चार फुटांपर्यंत वाढते, आणि त्या लांबीचा अजगर म्हणजे नुकताच वाढीस लागलेला अजगर. भर म्हणून डुरक्या घोणस नावाचा एक निराळा, बिनविषारी साप नांगरटीच्या वेळी मातीतून वर येतो. तो नावाने घोणस, अंगाने लहान अजगरासारखा आणि विषाने काहीच नाही. ज्याने कोणी ही नावे रूढ केली त्याने शेतकऱ्याची सोय पाहिली नाही.

या गफलतीस ऋतूचीही साथ मिळते. अजगराची मादी उन्हाळ्यात अंडी घालते व त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. आपल्या स्नायूंना सतत झटके देऊन ती अंड्यांस ऊब पुरविते, आणि त्या काळात बहुधा अन्नही घेत नाही. सुमारे दोन महिन्यांनी, म्हणजे पावसाच्या तोंडाशी, पिले बाहेर पडतात. घोणस अंडी घालीत नाही. ती एका वेळी वीस ते चाळीस जिवंत पिलांस जन्म देते, व त्यांचाही हंगाम मे ते जुलै हाच. म्हणजे ज्या दिवसांत शेतकरी पेरणी, आवण काढणे व लावणी यांसाठी अनवाणी पायाने आणि उघड्या हाताने बांधावरील गवतात वावरत असतो, नेमके त्याच दिवसांत दोन्ही प्रकारची ठिपकेदार पिले जमिनीवर असतात. घोणशीचे पिलू जन्मतःच विषारी असते.

फरक असा की घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ ओळी असतात आणि प्रत्येक ठिपक्यास काळी कड असल्याने मधली ओळ साखळीसारखी दिसते. अजगराच्या पाठीवर मोठे, वेडेवाकडे, चौकोनासारखे डाग असतात, जणू फरशीचे तुटके तुकडे बसविले आहेत. घोणशीचे अंग खरखरीत व निस्तेज, तर अजगराचे गुळगुळीत व तुकतुकीत. घोणशीचे डोके त्रिकोणी असून त्यावर बारीक खवले असतात. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. घोणस डिवचली गेली की कुकरच्या शिटीसारखा मोठा, लांबलचक फुत्कार सोडते. अजगरही फुत्कारतो, म्हणून केवळ आवाजावर जाऊ नये. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अजगराचे पिलू अंड्यातून निघतानाच दीड ते दोन फूट लांब असते. त्याहून आखूड, वीत-दीड वीत लांबीचा ठिपकेदार जाड साप अजगराचे पिलू असूच शकत नाही.

हे फरक सांगितले ते ओळख पटवून साप हाती धरावा म्हणून नव्हे. पाचोळ्यात अर्धवट दडलेल्या, चिखलाने माखलेल्या सापाच्या पाठीवरील ओळी मोजण्यास संध्याकाळच्या उजेडात कोणी थांबू नये. ठिपकेदार जाड साप दिसला की तो घोणस आहे असेच धरून चालावे आणि दूर व्हावे. तो अजगर निघाला तर काहीही बिघडत नाही. उलट चूक मात्र महागात पडते.

घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडते. दंशाच्या जागी तीव्र वेदना व सूज येते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ लागते आणि उपचारास विलंब झाल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. ते बळी बहुतांशी खेड्यांतील होते, आणि अनेक दंशांमागे घोणस होती. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, वर दोरी आवळू नये. तो अवयव फळी बांधून स्थिर ठेवावा, रुग्णास चालवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालयात न्यावे. वर सांगितलेल्या चारही सापांवर चालणारे प्रतिविष सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य दिले जाते, त्यामुळे कोणता साप होता हे ठरविण्यासाठी त्यास मारून सोबत नेण्याची गरज नाही. त्या खटपटीत दुसऱ्या माणसास दंश होतो. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

अजगर दिसल्यास

अजगर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. त्यास मारणे, पकडून ठेवणे, त्याचे कातडे किंवा चरबी बाळगणे हे गुन्हे असून त्यांबद्दल तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. सांधेदुखीवर अजगराची चरबी चोळण्याची चाल अद्याप काही ठिकाणी आहे. तिचा गुण सिद्ध झालेला नाही, आणि बाटली घरात सापडली तर दंड मात्र सिद्ध आहे.

वाडीच्या टोकास, तटाच्या भेगेत किंवा खाजणाच्या कडेस अजगर दिसला व तो आपल्या वाटेने जात असला, तर त्यास जाऊ द्यावे हेच उत्तम. पकडून खाडीपलीकडे फणसाड अभयारण्यात सोडावा अशी मागणी गावकरी हमखास करतात, पण त्याने प्रश्न सुटतोच असे नाही. फ्लोरिडात सहा अजगर २१ ते ३६ किलोमीटर दूर नेऊन सोडले असता त्यांतील पाच मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या परिसरात परत आल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. शिवाय परक्या जागी सोडलेल्या सापास पाणी, आडोसा व भक्ष्य कोठे आहे याची माहिती नसते.

अजगर घरात, खुराड्यात किंवा कुंपणाच्या जाळ्यात असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणसे येईपर्यंत मुले, कुत्री व गर्दी दूर ठेवावी. एका जबाबदार माणसाने दहा-बारा फुटांवरून नजर ठेवावी, म्हणजे तो कोठे सरकला हे सांगता येते. पोट फुगलेले असल्यास त्यास ओढू नये. जाळ्यात अडकलेल्या अजगरास उन्हापासून झाकण्यासाठी वरून ओले गोणपाट लांब काठीने टाकावे. जाळे हाताने कापण्याची घाई करू नये, कारण मोकळा झालेला पहिला वेढा बहुधा कापणाऱ्याच्याच हातावर पडतो. कापण्याचे काम वन कर्मचाऱ्यांवर सोडून तोपर्यंत जाळ्याचा कुंपणाशी बांधलेला दोर तेवढा दूरच्या टोकाकडून सैल करावा, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी होतो.